उरलेलं आम्ल

चाळीसची रेघ ओलांडली तरी आम्लता मोजायच्या यंत्रावरचा आकडा एक पूर्णांक सातच्या आसपासच घुटमळत होता, तेव्हा विनार्सीने ब्युरेटची तोटी बंद केली. चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि काचनळीच्या मागे पांढरं कार्ड धरून रेघ परत वाचली. चाळीस पूर्णांक एक. वाचण्यात चूक नव्हती.

तिने तोटी पुन्हा किंचित सैल केली. एक्केचाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीसच्या पुढे ती थेंब थेंब सोडायला लागली. साडेतीनचा, म्हणजे थांबायचा, आकडा उमटून स्थिर झाला तेव्हा नळीत पंचेचाळीस पूर्णांक दोन दिसत होतं.

काम तसं सोपं होतं आणि तेहतीस वर्षं ती तेच करत आली होती. ॲसिडिटीची गोळी पाण्यात धड विरघळत नाही, त्यामुळे तिच्यात किती दम आहे ते सरळ मोजता येत नाही. म्हणून उलट्या बाजूने जायचं. वीस गोळ्या खलात कुटायच्या, चाळायच्या, एका मात्रेएवढी पूड वजन करून घ्यायची आणि तिला मोजून तीस भाग आम्ल पाजायचं, अगदी तिच्या भुकेपेक्षा जास्त. पंधरा मिनिटं ढवळायचं. मग जे आम्ल उरलं असेल ते दुसऱ्या बाजूने क्षार सोडून मारायचं. उरलेलं किती ते कळलं, की गोळीने खाल्लं किती ते कळतं. या कारखान्याच्या गोळीने दहा भाग आम्ल खायला हवं असं परवान्याच्या कागदात लिहिलेलं होतं. क्षाराची ताकद आम्लाच्या निम्मी, म्हणजे क्षार चाळीसच्या आत संपायला हवा. एरवी तो छत्तीस-सदतीसलाच संपायचा.

पंचेचाळीस पूर्णांक दोन म्हणजे गोळीने खाल्लं सात पूर्णांक चार.

तिने दुपारपर्यंत तोच नमुना आणखी दोनदा केला. आम्लाची ताकद तपासली, क्षाराची तपासली, तराजूवर वजनं ठेवून पाहिली. पंचेचाळीस पूर्णांक एक. पंचेचाळीस पूर्णांक तीन. मग वहीत तिन्ही आकडे लिहून, खाली सही करून, ती वही घेऊन गुनादींच्या खोलीत गेली.

उंगारान डोंगराच्या चढावरचा हा कारखाना फार मोठा नव्हता. गोळ्या दाबायच्या सहा मशीन, पाकिटं भरणाऱ्या साठेक बायका, आणि कोपऱ्यात ही प्रयोगशाळा, जिच्या खिडकीतून पाऊस नसला तर डोंगर दिसायचा. विनार्सी इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. बोगोरच्या रसायनशाळेतून पदविका घेऊन, एक पत्र्याची पेटी आणि शिक्षकांनी भेट दिलेलं एक पिपेट घेऊन. तेव्हापासून चार मालक झाले, गुनादींच्या आधी पाच साहेब झाले. तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नाही, कारण त्या खुर्चीवर बसून कुणाला वर चढता येत नव्हतं.

गुनादी अडतीस वर्षांचे होते आणि वाईट मनुष्य नव्हते. तिच्या मुलीच्या लग्नाला ते बायकोला घेऊन आले होते, पंक्तीत मागे बसून जेवले होते. त्यांनी वही पाहिली, दार लावून घेतलं, आणि गोळीतलं मुख्य औषध, ॲल्युमिनियम, भरलं किती ते विचारलं. ते पुरेपूर भरलंय, असं विनार्सीने सांगितलं. शंभरला शंभर.

"मग झालं तर. माल आहे ना आत?"

"माल आहे, पाक," ती म्हणाली. साहेबाला ती पाक म्हणायची, मग तो वयाने कितीही लहान का असेना; आणि वडीलधाऱ्या बाईला सगळे बू म्हणत. "पण नव्या पुरवठादाराने तो भट्टीत जास्त तापवलाय. पार वाळून खडखडीत झालाय. पाऊण तास दिला तर आम्ल खाईल. पंधरा मिनिटांत नाही खात."

"पण खातो ना शेवटी? पोट काय घड्याळ लावून बसलंय, बू?"

"पाऊण तासात गोळी पोटातून खाली उतरलेली असते."

 गुनादींनी समजावून सांगायला सुरुवात केली. हा माल सरकारी दवाखान्यांसाठी होता. महिनाअखेरीपर्यंत पोचला नाही तर दोन वर्षं कारखान्याचं नाव यादीतून जाणार. त्या नव्या पुरवठादाराची पोती गोदामात छतापर्यंत लागली होती, ती परत घ्यायला तो तयार नव्हता. बाहेर पाकिटं भरणाऱ्या साठ बायकांचं काय करायचं, तेही बूंनीच सांगावं. आणि हे सगळं सांगून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "ॲसिडिटीच्या गोळीने आजवर कोण मेलंय?"

 कुणी मेलं नव्हतं, हे खरंच होतं. विनार्सी म्हणाली, मी जे वाचलं ते लिहिलंय, आणि वही तिथेच ठेवून बाहेर आली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. सुरातमान रेल्वेच्या फाटकावर पहारेकरी होता; निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गाडीच्या वेळा त्याच्या अंगातून गेल्या नव्हत्या. तेंपेचा, आंबवलेल्या सोयाबीनचा, तुकडा भाताबरोबर कालवत त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सही तुझी आहे का पास केल्याची?"

"नाही."

"मग जेव."

"तुमच्या फाटकावर असं चाललं असतं?"

"माझ्या फाटकावर चुकलं तर माणूस दिसायचा पडलेला," सुरातमान म्हणाला. "तुझ्या गोळीचं कोण बघायला येतंय?"

दुसऱ्या दिवशी नमुना निंगरुमकडे दिलेला तिने पाहिला.

निंगरुम सव्वीस वर्षांची होती. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला ब्युरेट कशी धुवायची तेसुद्धा माहीत नव्हतं. घाईघाईने सोडायची आणि रंग पार उडाला की रडकुंडीला यायची. विनार्सीने तिला डाव्या हाताने तोटी धरायला शिकवलं, उजव्याने भांडं फिरवायला शिकवलं, नळीतल्या पाण्याचा खालचा वाक डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायला शिकवलं. आकडा आपल्याला आवडायचा नसतो, निंग, असं ती तिला सांगायची. आवडला की समज तू चुकलीस. पोरीचा हात सुरेख तयार झाला होता. विनार्सी हे कुणाकुणाला बोलूनही दाखवायची, कारण दुसरं दाखवण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

त्या दिवशी विनार्सी पलीकडच्या टेबलावर दुसरं काम करत होती. ढवळणी नऊला सुरू झाली. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. ती फिरतच होती. पावणेदहाच्या पुढे निंगरुम उठली आणि ब्युरेट भरायला लागली. एकदाही तिने या टेबलाकडे पाहिलं नाही.

वहीत मात्र सुरुवात नऊ आणि शेवट सव्वानऊ लिहिलं होतं. क्षार एकोणचाळीस पूर्णांक चार. गोळीने खाल्लं दहा पूर्णांक तीन. अक्षर विनार्सीच्या वळणाचंच होतं, तिनेच गिरवून घेतलेलं.

जेवणाच्या सुट्टीत निंगरुम भांडी धुवायच्या मोरीपाशी एकटी सापडली.

"किती वेळ ढवळलंस?"

"लिहिलंय की वहीत."

"ते वाचलं मी. तुला विचारतेय."

निंगरुमने नळ बंद केला नाही. काचेचं भांडं एकदा धुतलं, दुसऱ्यांदा धुतलं, तिसऱ्यांदाही धुतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बू, तुमची दोन वर्षं राहिलीत इथली. माझी तीस आहेत. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे."

 विनार्सीला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. त्या वयाला तिच्यासमोर असा आकडा कुणी ठेवलाच नव्हता; ठेवला असता तर आपण काय केलं असतं, याची तिला खात्री देता येईना. ती डबा घेऊन कुंपणाच्या जाळीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि न उघडताच परत आली.

पण नापास आणि पास असे दोन आकडे एकाच वहीत राहू शकत नाहीत. पहिला का टाकून दिला त्याचं कारण कागदावर यावं लागतं. तो कागद आठवड्याने तिच्या टेबलावर आला. "मूळ कारण" या रकान्यात गुनादींच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: विश्लेषकाचा वाचनदोष, वय व दृष्टी. त्याखाली, उपाय: विश्लेषकाला या पद्धतीचं पुन्हा प्रशिक्षण द्यावं. त्याखाली, प्रशिक्षक: निंगरुम.

विनार्सीने तो कागद दोनदा वाचला. मग गुनादींकडे जाऊन तिने भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, की प्रशिक्षणाला माझी ना नाही. फक्त ज्या नमुन्यात माझं चुकलं त्याच नमुन्यावर मला दाखवा. कर्मचारी विभागाचा माणूस त्याच वेळी खोलीत बसला होता, आणि त्याला ही मागणी रास्त वाटली. रास्तच आहे, तो म्हणाला, चुकलं तिथेच सुधारायचं. गुनादींना नाही म्हणता आलं नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता प्रशिक्षण झालं. कर्मचारी विभागाचा माणूस साक्षीदार म्हणून स्टुलावर बसला आणि फोनमध्ये डोकं घालून बसला तो तसाच. गुनादी आले नाहीत. विनार्सी विद्यार्थिनीसारखी डाव्या बाजूला उभी राहिली, हातात कोरी वही.

निंगरुमने गोळ्या कुटल्या. पूड तोलली. पाणी घातलं, आम्ल घातलं, ढवळणी सुरू केली. गजर लावायचं घड्याळ टेबलावर होतं; ते विनार्सीने उचलून पंधरा मिनिटांवर लावलं आणि दोघींच्या मध्ये ठेवलं. निंगरुमने घड्याळाकडे पाहिलं आणि ओठ आवळले.

 पंधरा मिनिटं पांढरं पाणी भोवऱ्यासारखं फिरत होतं. बाहेर मशीनची धडधड आणि पाकिटं भरणाऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

गजर वाजला. निंगरुमने ब्युरेटखाली भांडं सरकवलं आणि तोटी सोडली. दहा, वीस, तीस. तिचा हात सरळ होता. पस्तीसनंतर तिने वेग कमी केला, जसा शिकवला होता तसा. अडतीस. एकोणचाळीस. एकोणचाळीस पूर्णांक चारला तिची बोटं थांबली. यंत्रावर दीडच्या थोडं वर काहीतरी होतं. साडेतीनचा पत्ता नव्हता.

तिने साक्षीदाराकडे पाहिलं. तो कशाला तरी हसत होता, फोनमधल्या.

"चालू ठेव," विनार्सी म्हणाली. "हात नको थरथरू देऊस."

निंगरुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात थरथरला नाही. चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीसच्या पुढे ती थेंब थेंब सोडायला लागली. पंचेचाळीस पूर्णांक एकला साडेतीन उमटलं आणि तिने तोटी बंद केली. इतका स्वच्छ शेवट विनार्सीने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता, आणि त्याही क्षणी पोरीचं काम चोख झालं म्हणून तिला बरं वाटलं. ते आपल्याला का वाटलं, याची नंतर तिला चीड आली.

 निंगरुम खुर्चीवर बसली आणि प्रशिक्षणाच्या कागदावर लिहिलं: एकोणचाळीस पूर्णांक चार. सही केली आणि कागद पुढे सरकवला.

विनार्सीने पेन घेतलं. "प्रशिक्षण समजले" अशी छापील ओळ होती, तिच्यापुढे सही करायची होती. तिने त्या ओळीखाली लिहिलं: मी पंचेचाळीस पूर्णांक एक वाचलं. आणि मग सही केली. साक्षीदाराने फोन खिशात टाकला, कुठे सही करायची ते विचारलं आणि न वाचता केली.

तो कागद पुन्हा कुणी पाहिला नाही. सोमवारी नवा कागद टाइप होऊन आला. त्यात लिहिलं होतं, की प्रशिक्षणानंतरही विश्लेषकाच्या वाचनात फरक आढळला. सबब त्यांना प्रयोगशाळेच्या कामातून मोकळं करून जुने नमुने साठवायच्या खोलीत नेमण्यात येत आहे. पगार तोच. गुनादींनी स्वतः येऊन सांगितलं, की तिथे उभं राहायचं काम नाही, पंखा आहे, तुमच्या पाठीला आराम पडेल. हे त्यांनी मनापासून सांगितलं, आणि तेच तिला जास्त लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती स्वखुशीने गेली होती. चष्म्यासहित नजर पूर्ण आहे, असा दाखला त्याने दिला. तो तिने गुनादींना दाखवला; त्यांनी मान डोलावून तिच्या फायलीत लावला.

औषध खात्याला पत्र लिहायचं तिने मनाशी ठरवलं होतं. तीन वेळा लिहायला बसलीही. तिन्ही वेळा पत्र तिथेच अडलं, जिथे पासच्या आकड्याखाली कुणाची सही आहे ते लिहायची वेळ आली. गुनादींची सही कुठेच नव्हती. पुरवठादाराचं नाव कुठेच नव्हतं. त्या आकड्याखाली एकच नाव होतं, निंगरुमचं, आणि ते अक्षर तिच्या वळणाचं होतं. तिसरा कागद तिने फाडला नाही, घडी करून कुराणाच्या शेल्फाखालच्या खणात ठेवला. सुरातमानने विचारलं, तेव्हा लिहितेय म्हणाली. पुढे त्याने विचारायचं सोडलं.

महिन्याने निंगरुमला कायम केलं. ती पेढ्यांसारख्या तांदळाच्या गोड वड्या केळीच्या पानात बांधून नमुन्यांच्या खोलीत घेऊन आली, दारातच ठेवून गेली. विनार्सीने त्या खाल्ल्या. टाकून देणं तिला जमलं नसतं.

असे त्या पहिल्या वाचनाला पाच महिने झाले.

विनार्सी ज्या वळणावर अंगकोतची भाड्याची गाडी धरायची, त्या वळणावर बू तुमिराहची टपरी होती. उकडलेल्या पालेभाज्या आणि त्यावर शेंगदाण्याची झणझणीत चटणी, म्हणजे सांबाल, एवढाच धंदा, पण वीस वर्षांचा. ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे. एका सकाळी अंगकोत लवकर येईना म्हणून विनार्सी तिथे टेकली. बू तुमिराह फळकुटावर बसून गोळ्या चावत होती. एक, दोन, तीन, चार. चौथीवर तोंड वाकडं केलं.

दोनच घ्यायच्या असतात, असं विनार्सी म्हणाली.

दोनने आता भागत नाही, बू तुमिराहने सांगितलं. चार महिने झाले. पूर्वी दोन चावल्या की मागच्या मोरीपर्यंत जाऊन येईस्तोवर जळजळ थांबायची. आता चार घेऊनही दुपारपर्यंत निखारा. दुखणं आत खोल गेलंय. तिच्या आईचंही असंच झालं होतं आणि मग काही महिन्यांत ती गेली. म्हणून तिने तिखट सोडलं, चहा सोडला. सांबाल वाटते पण चाखत नाही; सून यायची चाखायला, तर तीही बाळंतपणाला माहेरी गेलीय. गिऱ्हाईकं बोलतात, बू, हात बिघडला तुमचा.

विनार्सीने फळकुटावरचं पाकीट उचलून उलटं केलं. सरकारी दवाखान्याचा शिक्का होता. वर मालाच्या खेपेचा तो आकडा होता, जो तिने पाच महिन्यांपूर्वी वहीच्या माथ्यावर स्वतः लिहिला होता.

"दुखणं वाढलेलं नाही तुमचं," ती म्हणाली. "ही गोळीच हलकी आहे. दवाखान्यात सांगा, दुसऱ्या कारखान्याची द्या म्हणावं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मोजली होती मी. माझ्या हाताने."

बू तुमिराहने वाटायचा दगड बाजूला ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, आई गेली तशी आपण जाणार नाही याची. आणि मग ती हळूहळू विझत गेली.

"मोजली होती कधी?"

विनार्सीने महिना सांगितला.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. विनार्सीला सांगता आलं असतं, की बोलले होते, लिहिलं होतं, सही केली होती. ते सगळं खरं होतं. पण ते जिथे बोलायला हवं होतं तिथला कागद घरी खणात घडी करून पडला होता. तिने पाकीट परत फळकुटावर ठेवलं. बू तुमिराहने पुन्हा विचारलं नाही.

एक ट्रकवाला उतरून बाकावर येऊन बसला आणि भाजीचं एक पान मागितलं. बू तुमिराहने भाज्या मांडल्या, खलातला सांबाल ढवळला आणि थबकली. मग चमचाभर सांबाल विनार्सीपुढे धरला, तोंडाकडे न बघता.

"मीठ बघा जरा."

विनार्सीने चाखला. जिभेवर थोडा वेळ ठेवला.

"कमी आहे. अर्धी चिमूट."

बू तुमिराह क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग एक हात पोटावर ठेवून तिने करंगळीचं टोक सांबालात बुडवलं, स्वतःच्या जिभेला लावलं, आणि मिठाची बरणी पुढे ओढली.